लैंगिक कल व दृक् अवधान

लैंगिक कल व दृक् अवधान : एखाद्या व्यक्तीचे प्रणयविषयक व कामविषयक आकर्षण ज्या लिंगाच्या व्यक्तींकडे दीर्घकाळ वळलेले असते, त्या दिशेस ‘लैंगिक कल’ ही संज्ञा आहे. दृष्टीच्या कक्षेत एकाच वेळी असणाऱ्या अनेक वस्तूंपैकी काहींची निवड करून त्यांवर मन केंद्रित करण्याची प्रक्रिया म्हणजे ‘दृक् अवधान’ होय. या दोहोंचा परस्परसंबंध कोणत्या स्वरूपाचा आहे, हा प्रायोगिक मानसशास्त्रात विसाव्या शतकाच्या मध्यापासून अभ्यासिला जाणारा प्रश्न आहे. आकर्षक वाटणाऱ्या व्यक्तीकडे डोळे वळतात, हा सर्वांचाच अनुभव आहे. तथापि डोळे जिकडे वळतात त्यावरून व्यक्तीचा कल निश्चित करता येतो, हे उलट विधान तितके निरपवाद नाही. या क्षेत्रातील सुमारे आठ दशकांच्या संशोधनाचा, तसेच त्याच्या गैरवापराचा, इतिहास बव्हंशी या दुसऱ्या विधानाभोवती फिरलेला आहे.

संज्ञा : भिन्न लिंगाच्या व्यक्तींविषयी आकर्षण असल्यास भिन्नलिंगी कल, स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तींविषयी असल्यास समलिंगी कल व दोहोंविषयी असल्यास उभयलिंगी कल असे म्हणतात. कोणाविषयीच कामविषयक आकर्षण नसणाऱ्या व्यक्तीही असतात. त्यांस अलैंगिक म्हटले जाते. ‘उभयलिंगी’ हा शब्द मराठीत जीवशास्त्राच्या पुस्तकांतून गांडुळासारख्या, नर व मादी या दोन्हींची जननेंद्रिये एकाच शरीरात असणाऱ्या, प्राण्यांसाठी रूढ आहे. प्रस्तुत विषयात तो केवळ आकर्षणाच्या दिशेसंबंधी वापरला जातो व त्याचा शरीररचनेशी काही संबंध नाही. तसेच लैंगिक कल आणि व्यक्तीची स्वतःच्या लिंगाविषयीची जाणीव, म्हणजेच लिंगओळख, या दोन भिन्न बाबी होत. आकर्षण, प्रत्यक्ष वर्तन व स्वतःची सांगितलेली ओळख ही तीनही एकमेकांशी जुळतीलच असे नाही. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ मध्ये पुरुषांविषयीच्या व १९५३ मध्ये स्त्रियांविषयीच्या ग्रंथात कल हा दोन कप्प्यांत न विभागता ० ते ६ अशा श्रेणीवर मांडला. पुढील बहुतेक प्रयोगांत प्रयोगात भाग घेणाऱ्या व्यक्तींचे (प्रयुक्तांचे) वर्गीकरण याच श्रेणीच्या आधारे, म्हणजे त्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवरून, करण्यात आलेले आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण ज्या यंत्राच्या साहाय्याने व्यक्तीच्या सांगण्याची शहानिशा करावयाची, त्या यंत्राची कसोटीही अखेर त्याच सांगण्यावर लावलेली असते.

पूर्वपीठिका : नेत्र व काम यांचा संबंध भारतीय परंपरेस अपरिचित नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात कामाच्या ज्या दहा अवस्था सांगितल्या आहेत, त्यांतील पहिली ‘चक्षुःप्रीती’ ही होय. त्याच ग्रंथात स्त्री व पुरुष यांहून वेगळ्या अशा ‘तृतीया प्रकृती’चाही विचार आढळतो. आधुनिक काळात मराठीत या विषयावर शास्त्रीय भूमिकेतून उघड चर्चा करण्याचे श्रेय प्रामुख्याने रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांच्याकडे जाते. त्यांचे समाजस्वास्थ्य हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला व १९३४ साली मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. खटल्याचा निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. ज्या वर्षांत मराठी वाचकाला असा प्रश्न छापील स्वरूपात विचारणेही धोक्याचे होते, त्यानंतर अल्पावधीतच पश्चिमेकडील प्रयोगशाळांतून, प्रश्न न विचारताच उत्तर मिळविण्याची साधने शोधली जाऊ लागली.

डोळ्याचे कार्य : दृक् अवधानाचे मापन शक्य होते ते डोळ्याच्या रचनेतील एका वैशिष्ट्यामुळे. डोळ्याच्या मागील पडद्यावरील सर्वच भाग सारख्या स्पष्टतेने पाहू शकत नाही. बारकावे दिसतात ते मध्यभागीच्या पीतबिंदूने, व त्याच्या सर्वाधिक तीक्ष्ण भागाची कक्षा अवघी दोन अंशांच्या आसपास, म्हणजे लांब धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी असते. त्यामुळे समोरचे दृश्य नीट पाहण्यासाठी डोळ्यांना सेकंदास सुमारे तीन-चार वेळा झेप घेऊन नव्या जागी स्थिर व्हावे लागते. या झेपा व विराम यांची नोंद घेतली, की व्यक्तीने काय, कोणत्या क्रमाने व किती वेळ पाहिले याचा आलेख मिळतो. सध्याच्या उपकरणांत अवरक्त प्रकाशाचा किरण डोळ्यावर सोडून त्याच्या परावर्तनावरून ही नोंद केली जाते.

परंतु नजर व अवधान ही एकच नव्हेत. डोळे एका ठिकाणी स्थिर ठेवून लक्ष बाजूच्या वस्तूकडे नेता येते, हे हेल्महोल्ट्स यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविले होते. १९८० च्या सुमारास मायकेल पोस्नर यांनी ते काटेकोर प्रयोगांनी मोजले. वर्गात फळ्याकडे पाहत शेजारच्या बाकावरील कुजबुज ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. याहून महत्त्वाचा ठरला तो रशियन शास्त्रज्ञ अल्फ्रेड यार्बस यांचा प्रयोग. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी रेपिन या चित्रकाराच्या, घरात अनपेक्षितपणे परतलेल्या माणसाच्या चित्राकडे पाहणाऱ्या व्यक्तीचे नेत्रालेख दिले. चित्रातील माणसांची वये सांगा असे म्हटल्यावर नजर चेहऱ्यांवर खिळली. घरची सांपत्तिक स्थिती सांगा असे म्हटल्यावर ती कपड्यांवर व सामानावर फिरली. चित्र तेच, पाहणारा तोच. बदलला तो प्रश्न. नजरेवरून मनाचा ठाव घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक प्रयोगास हा निष्कर्ष लागू पडतो.

पाहण्याच्या कालावधीचे मापन : व्यक्ती एखाद्या चित्राकडे किती वेळ पाहते यावरून तिची लैंगिक अभिरुची अजमावण्याचे साधन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेन्झ्वाइग यांनी १९४२ मध्ये मांडले. १९५६ मध्ये झमान्स्की यांनी पुरुष व स्त्री यांच्या चित्रांच्या जोड्या दाखवून, समलिंगी पुरुष पुरुषांच्या चित्राकडे तुलनेने अधिक काळ पाहतात असे नोंदविले. तेव्हापासून हा परिणाम अनेकवार पडताळला गेला असून, गटांच्या सरासरीपुरता तो पुष्कळच विश्वसनीय मानला जातो. मात्र त्याचे कारण वाटते तितके सरळ नाही. रोलंड इमहॉफ व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चित्र दिसण्याचा काळच मर्यादित केला. पाहत राहण्यास वाव उरला नाही, तरीही आकर्षक वाटणाऱ्या चित्राविषयी मत नोंदविण्यास प्रयुक्तांना अधिक वेळ लागलाच. म्हणजे ज्याला टक लावून पाहणे समजले जात होते, त्याचा निदान काही भाग निवाडा करण्यास लागणारा वेळ होता.

बाहुलीचा विस्तार : डोळ्याच्या बाहुलीचा व्यास प्रकाशानुसार सुमारे २ ते ८ मिमी. पर्यंत बदलतो. तिचे आकुंचन व प्रसरण स्वायत्त तंत्रिका तंत्राच्या स्वाधीन असल्यामुळे ते व्यक्तीला इच्छेनुसार सहसा करता येत नाही, आणि म्हणूनच संशोधकांना त्याचे विशेष आकर्षण वाटले. शिकागो विद्यापीठातील एकार्ड हेस व जेम्स पोल्ट यांनी १९६० मध्ये, रुची उत्पन्न करणाऱ्या चित्रामुळे बाहुली विस्तारते असे प्रतिपादन केले. त्यांच्या प्रयोगात सहाच प्रयुक्त होते. १९६५ मध्ये हेस, सेल्झर व श्लीन यांनी पाच भिन्नलिंगी व पाच समलिंगी पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. लेखकांनी त्यास प्राथमिक पाहणी असेच म्हटले होते.

बाहुलीच्या या विस्ताराला इतरही कारणे असतात. चित्रातील उजेड किंचित कमीजास्त असला तरी ती बदलते. हेस व पोल्ट यांनीच १९६४ मध्ये दाखविले, की तोंडी गुणाकार करतानाही बाहुली विस्तारते. डॅनिएल कानेमन व जॅक्सन बीटी यांनी १९६६ मध्ये आकड्यांची माळ स्मरणात ठेवणाऱ्या प्रयुक्तांत हेच आढळल्याचे नोंदविले. भीती, लाज, संकोच व आश्चर्य यांनीही तोच परिणाम होतो. बाहुली विस्तारली याचा अर्थ मन जागे झाले एवढाच घेता येतो. ते कशाने जागे झाले हे बाहुली सांगत नाही.

या क्षेत्रातील मोठा व अधिक काळजीपूर्वक केलेला अभ्यास म्हणजे कॉर्नेल विद्यापीठातील गेरुल्फ रीगर व रिच सॅव्हिन-विल्यम्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला होय. त्यात ३२५ स्त्रीपुरुषांना चलत्‌चित्रे दाखविण्यात आली. पुरुषांच्या बाबतीत बाहुलीचा विस्तार त्यांनी सांगितलेल्या कलाशी बऱ्याच अंशी जुळला व स्वतःस उभयलिंगी म्हणविणाऱ्या पुरुषांच्या बाहुल्या दोन्ही प्रकारच्या चित्रांनी विस्तारल्या. स्त्रियांच्या बाबतीत चित्र निराळे होते. समलिंगी स्त्रियांचा प्रतिसाद स्त्रियांच्या चित्रांना अधिक होता. परंतु भिन्नलिंगी स्त्रियांच्या बाहुल्या पुरुष व स्त्री या दोहोंच्या चित्रांनी जवळपास सारख्याच विस्तारल्या. लायकिन्स, मीना व स्ट्रॉस यांनी २००८ मध्ये केलेल्या नेत्रालेखनातही भिन्नलिंगी पुरुषांची नजर प्रामुख्याने स्त्रियांकडे, तर भिन्नलिंगी स्त्रियांची नजर दोहोंकडे बऱ्याच समप्रमाणात गेल्याचे दिसले. या प्रतिसादाचे स्पष्टीकरण विविध प्रकारे देण्यात येते. उदा., स्त्रीदेहाच्या चित्रांशी स्त्रियांना असलेला सततचा परिचय व स्वतःशी तुलना करण्याची सवय यांकडे काहींनी लक्ष वेधले आहे. तर मेरेडिथ चिव्हर्स व त्यांचे सहकारी यांच्या मते स्त्रियांचा शारीरिक प्रतिसाद मुळातच लिंगविशिष्ट नसतो. कोणतेही स्पष्टीकरण स्वीकारले, तरी एक गोष्ट उघड आहे. यंत्राचा निर्णय जसाच्या तसा प्रमाण मानल्यास, पुरुषांविषयीच आकर्षण असल्याचे निःसंदिग्धपणे सांगणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया खोटे बोलतात असे मानावे लागेल. असा निष्कर्ष संशोधकांपैकी कोणी काढला नाही, हे योग्यच झाले. मात्र समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींच्या बाबतीत नेमका असाच निष्कर्ष काढण्याचा मोह वेळोवेळी झालेला आहे. रीगर, चिव्हर्स व बेली यांनी २००५ मध्ये शारीरिक उत्तेजनाच्या मापनावरून उभयलिंगी पुरुषांत उभयविध उत्तेजन आढळत नाही असे प्रतिपादन केले होते. प्रयुक्तांची निवड अधिक नेमकेपणाने केल्यावर २०११ मध्ये त्याच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील अभ्यासात ते आढळले, आणि २०२० मध्ये अनेक अभ्यासांची सामग्री एकत्र करून त्यास पुष्टी मिळाली. वादात अखेर प्रयुक्तांचेच म्हणणे खरे ठरले.

अजाणता होणारे अवधान : पाहणाऱ्याने नजर मुद्दाम आवरली तर काय, या शंकेवर उपाय म्हणून योजलेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे. मिनेसोटा विद्यापीठातील यी ज्यांग, शंग ह व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रयुक्ताच्या एका डोळ्यासमोर झपाट्याने बदलणाऱ्या रंगीत आकृत्या व दुसऱ्या डोळ्यासमोर विवस्त्र स्त्री वा पुरुषाचे चित्र ठेवल्यास मेंदू पहिल्याच आकृत्यांची दखल घेतो व चित्र दिसल्याची जाणीव होत नाही. यानंतर लगेच त्या जागी एक लहान तिरपी खूण दाखवून तिचा कल ओळखण्यास सांगितले. भिन्नलिंगी पुरुषांना ‘न दिसलेल्या’ स्त्रीचित्राच्या जागेवरील खूण अधिक अचूक ओळखता आली. भिन्नलिंगी स्त्रिया व समलिंगी पुरुष यांना पुरुषचित्राच्या जागेवरील. भिन्नलिंगी पुरुषांचे अवधान न दिसलेल्या पुरुषचित्रापासून दूर सरकते, असेही आढळले. लैंगिक महत्त्वाच्या उद्दीपकाकडे अवधान वळण्याची प्रक्रिया जाणिवेच्या अगोदर सुरू होऊ शकते, हा या प्रयोगाचा खरा निष्कर्ष. हा परिणाम गटांच्या तुलनेतून मिळालेला आहे. एकट्या व्यक्तीची परीक्षा म्हणून तो योजलेला नव्हता.

शासकीय व वैद्यकीय वापर : प्रयोगशाळेतील सरासरीचे व्यक्तीच्या परीक्षेत रूपांतर करण्याचा सर्वांत कुप्रसिद्ध प्रयत्न कॅनडात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शीतयुद्धकाळात समलिंगी सरकारी नोकरांना गुप्त माहितीसाठी धाकात घेणे परकीय हेरांना सोपे जाईल, अशी समजूत तेथील सुरक्षायंत्रणेत बळावली. कार्लटन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्रँक रॉबर्ट वेक यांच्याकडे १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत समलिंगी व्यक्ती ओळखण्याचे साधन तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. प्रयुक्तास खुर्चीत बसवून चित्रे दाखवावयाची व त्याच्या बाहुल्यांची छायाचित्रे घ्यावयाची, हा त्यातील मुख्य भाग होता. उपहासाने यास ‘फ्रूट मशीन’ असे नाव पडले. चित्रांच्या उजेडातील फरक व बाहुलीचे प्रत्यक्ष बदल वेगळे करता येईनात. प्रयोगास स्वेच्छेने बसणारेही मिळेनात. १९६७ मध्ये हा प्रकल्प सोडून देण्यात आला. यंत्र निकामी ठरले, तरी पाळत ठेवून व चौकशा करून नोकरांना काढून टाकण्याचे सत्र पुढेही अनेक वर्षे चालूच राहिले. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी संसदेत त्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली.

इंग्लंडमध्ये पाहण्याची क्रिया हेच उपचाराचे लक्ष्य बनले. मँचेस्टर येथे फेल्डमन व मकलॉक यांनी १९६० नंतरच्या दशकात योजलेल्या पद्धतीत रुग्णास पुरुषाचे चित्र दाखविले जाई. काही सेकंदांत त्याने बटन दाबून ते दूर केले नाही, तर विजेचा झटका बसे. त्यामागून स्त्रीचे चित्र येई. अशा उपचारास विमुखता-उपचार म्हणतात. भारतातही वर्तनोपचाराच्या नावाने कल बदलण्याचे प्रयत्न झाले. मुंबईतील मानसोपचारज्ञांनी १९८२ मध्ये, कल बदलू इच्छिणाऱ्या १३ समलिंगी पुरुषांवरील वर्तनोपचाराचा अभ्यास भारतीय मानसोपचारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला व त्यांपैकी ८ जणांत बदल झाल्याचे नमूद केले. अमेरिकन मानसोपचारज्ञांच्या संघटनेने समलिंगी कल १९७३ मध्येच विकारांच्या यादीतून वगळलेला होता. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९९० मध्ये वगळला. दिशा बदलून चित्राकडे पाहण्यास शिकविता येते, यात संशय नाही. तथापि त्यामुळे आकर्षणाची दिशा बदलते असे सिद्ध झालेले नाही. उलट अशा उपचारांतून खिन्नता, आत्मग्लानी व आत्मघाताचे विचार उद्भवू शकतात, हे पुढील संशोधनाने दाखविले.

समलिंगी कल हा मनाचा दोष असून तो परीक्षेने उघड होईल, या समजुतीस छेद देणारा पुरावा खरे तर त्याही पूर्वी उपलब्ध होता. ईव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्ये ३० समलिंगी व ३० भिन्नलिंगी पुरुषांना शाईच्या डागांची रोर्शाक कसोटी व इतर प्रक्षेपण कसोट्या देऊन त्यांची उत्तरे नामांकित तज्ञांपुढे ठेवली. कोणते उत्तर कोणत्या गटातील आहे, हे तज्ञांना ओळखता आले नाही.

व्यक्तीविषयक निदानाची मर्यादा : गटांत आढळणारा फरक व्यक्तीवर लागू करताना काय होते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी १,००० युवकांची अशी नेत्रपरीक्षा घेतली, त्यांतील ४० युवक समलिंगी कलाचे आहेत व परीक्षा दोन्ही गटांबाबत १०० पैकी ८५ वेळा बरोबर ठरते, असे समजू. मग ४० पैकी ३४ युवक ओळखले जातील व ६ सुटतील. परंतु उरलेल्या ९६० पैकी १४४ जणांनाही समलिंगी ठरविले जाईल. म्हणजे एकूण १७८ जणांवर शिक्का बसेल आणि त्यांतील दर पाचांपैकी चार जणांच्या बाबतीत तो चुकीचा असेल. परीक्षा ८५ टक्के अचूक आहे हे विधान त्यामुळे खोटे ठरत नाही. मात्र ऐकणाऱ्यास त्यातून जो बोध होतो तो साफ चुकतो. शिवाय ज्या ३४ जणांच्या बाबतीत परीक्षा बरोबर आली, त्यांची हानी इतरांपेक्षा कमी नव्हे. बाजारपेठ एक, बसस्थानक एक व घराणी परस्परांना ओळखणारी, अशा गावात एकदा उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही आणि त्याचा भार विवाह, घर व चरितार्थ या सर्वांवर पडतो.

याच प्रकारचा वाद २०१७ मध्ये मुखचित्रांच्या संदर्भात उद्भवला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील वांग व कोसिन्स्की यांनी विवाहेच्छू व मैत्रीच्छू व्यक्तींच्या संकेतस्थळावरील छायाचित्रांवरून संगणक कल ओळखू शकतो असा दावा केला. पुरुषांसाठी त्यांनी दिलेला ८१ टक्के हा आकडा एक समलिंगी व एक भिन्नलिंगी अशा जोडीतून निवड करण्यासंबंधीचा होता. टीकाकारांनी दाखवून दिले, की चष्मा, दाढी, प्रसाधन व छायाचित्र घेण्याचा कोन यांसारख्या गोष्टींनीच त्यातील बराचसा भाग स्पष्ट होतो.

नजरेचे सामाजिक नियमन : प्रयोगांतील बहुसंख्य प्रयुक्त अमेरिका व यूरोप येथील विद्यार्थी वा नागरिक होते, व तेथील निष्कर्ष सर्वत्र लागू करताना नजरेविषयीच्या चालीरीतींचा विचार करावा लागतो. मराठी भाषेतच नजर चोरणे, नजर खाली असणे, डोळा चुकविणे, डोळे वर करून न बोलणे असे वाक्प्रचार विपुल आहेत. त्यांतून कोणी कोणाकडे किती पाहावे याचे एक पूर्ण शास्त्र सूचित होते. मुलींना व सुनांना वडीलधाऱ्यांसमोर नजर झुकविण्याचे वळण लहानपणापासून लावले जाई, व आजही ते सर्वस्वी गेलेले नाही. ज्याला आपला कल लपवावयाचा आहे, तो तर पाहण्याच्या बाबतीत अधिकच दक्ष असतो. त्यामुळे ज्या व्यक्तीस परीक्षेची धास्ती आहे, तिच्या नेत्रालेखात आकर्षण व ते दडविण्याची खटपट या दोहोंची सरमिसळ झालेली असते. या दडपणाचे चित्रण मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकर यांच्या मित्राची गोष्ट या, १९८१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात झाले आहे. संबंधित व्यक्तींशी थेट बोलणाऱ्या संस्था पुढे मुंबई (हमसफर ट्रस्ट, १९९४) व पुणे (समपथिक ट्रस्ट, २००२) येथे निघाल्या. यांच्या समुपदेशनात कल निश्चित करण्याचे यंत्र नसते. येणाऱ्याचे म्हणणे हाच आरंभबिंदू असतो.

कायदेशीर स्थिती : १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ लागू असेतोपर्यंत कलाविषयीची माहिती उघड होणे हे फौजदारी संकटाचे कारण होऊ शकत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी या कलमाचा प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरता भाग घटनाबाह्य ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरविला व अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र दुसरे दोन निर्णय अधिक निकटचे आहेत. संशयिताच्या मनातील माहिती यंत्राने काढून घेण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातही झाला होता. पुण्यातील एका न्यायालयाने २००८ मध्ये खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या आलेखनाचा आधार घेतला होता. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को-परीक्षा, असत्यशोधक यंत्र व मेंदूचे आलेखन यांचा वापर व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही असा निर्णय दिला. व्यक्तीच्या मनोव्यापारावर तिचाच अधिकार असतो, हे त्यामागील तत्त्व होय. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविताना लैंगिक कल हा त्याचा अविभाज्य भाग असल्याचे म्हटले. नेत्रपरीक्षेचा निर्देश या निर्णयांत नाही. तथापि संमतीविना व्यक्तीचा कल शोधणारे कोणतेही साधन त्यांच्या कक्षेत येते असे मानण्यास आधार आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक आजाराचे निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरूनच करावे लागते. समाजातील नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणारे वर्तन हा निदानाचा आधार होऊ शकत नाही, आणि उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळविले. संशोधनापुरते पाहता, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत लैंगिक अल्पसंख्याकांची गणना विशेष संरक्षणाची गरज असलेल्या गटांत केली आहे. त्यानुसार प्रयुक्ताची माहितीपूर्वक संमती, केव्हाही माघार घेण्याचा हक्क व नोंदींची गोपनीयता यांची हमी संशोधकाने नीतिसमितीपुढे द्यावयाची असते. नेत्रालेखाच्या बाबतीत या अखेरच्या अटीस विशेष अर्थ आहे. कारण एका कारणासाठी घेतलेल्या आलेखातून, प्रयुक्ताने न सांगितलेली दुसरीच गोष्ट शोधण्याचा प्रयत्न पुढे कोणीही करू शकतो.